खोताच्या दारावरनं

मोठ्या माणसांची चरित्रं लिहायला पुष्कळ जण टपलेले असतात. लिहू देत बापडे. मी माझ्या जावेचं सांगणार आहे, आणि कुणाला ते हलकं वाटत असेल तर त्यानं खुशाल उठून जावं.

तिचं नाव ठमाबाई. पोलादपूरच्या वर सावित्रीच्या काठाला आमची वाडी आहे. काळीसावळी, किडकिडीत बाई, पुढचे दात जरा बाहेर. पोलादपूरच्या बाजारात तुमच्या शेजारी उभी राहून तिनं मीठ घेतलं असतं तरी तुम्ही मान वळवून बघितलं नसतं. मी तिला बाय म्हणायचे. माझं माहेर महाडचं, बाजारपेठेतलं. नवरा दत्ताराम मुंबईला गिरणीत, म्हणून मी वाडीत थोरल्या दीर-जावेजवळ राहिले. दीर रावजी. देवमाणूस, पण भित्रा. कुणी मोठ्यानं खाकरलं तरी दोन पावलं मागं सरकणारा.

बाय जात्याला बसली की मात्र निराळीच व्हायची. ओव्या सगळ्याच बायका म्हणायच्या. आईकडून आलेल्या, सासूकडून आलेल्या. बाय नव्या करायची. दळता दळता जे मनात येईल ते ओवीत. म्हैस व्याली की तिची ओवी, मी मीठ जास्त टाकलं की माझी ओवी. मेली सोडायची नाही कुणाला!

तिचं माहेर पाचाडचं, रायगडाच्या पायथ्याचं. पोरवयात शेरडं घेऊन गडावर चढायची. एकदा मला म्हणाली, "रंगू, जितं हत्ती झुलायचं म्हन्तात ना, तितं माझी शेरडं चरायची. मी दगडावर बसून भाकर खायची नि म्हनायची, येवढं मोठं राज गेलं, तितं गवत आलं. मंग ही आमची बारकी बारकी राजं कसली मिजास करत्यात गो?"

आमच्या वाडीचा बारका राजा म्हणजे महिपतराव खोत. पूर्वी गावचा सारा गोळा करायचा नि सरकारात भरायचा हक्क खोताचा असे, आणि त्या हक्कावर तो गावाला नाचवत असे. सरकारनं खोती काढून घेतली त्याला चार-पाच वर्षं झाली होती. सगळीकडून गेली, महिपतरावांच्या मानेतून काही जाईना. वाडीतून शेताकडे जायची वाट त्यांच्या अंगणाला घासून जायची. त्या वाटेवर वहाणा हातात घ्यायच्या. पावसात असाल तर डोक्यावरचं इरलं उतरवायचं. बांबूच्या कामट्यांचं नि पानांचं ते इरलं, कोकणातल्या पावसात माणसाचं छप्परच. ते उतरवून, भिजत, खाली बघत, खोताच्या दारावरून जायचं. बापजाद्यांपासूनची रीत म्हणे. रीत कसली, मस्ती!

चोपन्न सालचा आषाढ होता. लावणी चालू होती. रावजीभाऊजी भाताच्या रोपांचा भारा दोन्ही हातांनी छातीशी धरून चालले होते. हातच मोकळे नाहीत तर इरलं उतरवणार कशानं? खोत ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. तिथूनच ओरडले, "रावज्या, उतरव ते!"

भाऊजींनी भारा चिखलात ठेवला, इरलं उतरवलं. तेवढ्यावर भागलं नाही. "उभा रहा तिथंच, विसरलास ना, आता आठवण राहील," म्हणून खोतांनी चहा मागवला. चहा झाला, पान झालं, सुपारी कातरून झाली. तोवर तो माणूस पावसात उभा. बाय नि मी मागून येत होतो, आम्ही डोळ्यांनी बघितलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी पुढं जायला लागले तर बायनं माझं मनगट धरलं, असं धरलं की रात्रीपर्यंत दुखत होतं.

भाऊजींना ताप भरला. ताप उतरला पण खोकला छातीत बसला तो बसलाच. आणि एका पहाटे जात्यावर बायनं ही ओवी म्हटली.

*खोताच्या दारावरनं, म्हनं, इरलं उतरून जावा*
*वरनं पडतो पाऊस, त्याला कुनी गो हुकूम द्यावा*

मी हसता हसता पीठ सांडलं. भाऊजी आतून खोकत म्हणाले, "अगो, हळू. भितीला कान असत्यात."

भिंतीला असतील नाहीतर नसतील, बायकांना होते. लावणीच्या खाचरात ती ओवी गेली, नदीवर धुणं धुताना गेली. नझीरभाई दासगावहून सुकी मासळी घेऊन वाड्यावाड्यांतून फिरायचा. त्यानं आमच्या अंगणात पाटी उतरवली नि ओवी ऐकली. "भाबी, परत म्हना, परत म्हना," करत मांडीवर थाप मारून हसला. बोंबील विकत विकत त्यानं ती पार दासगावपर्यंत नेली.

आणि नेमकी खोतांची मुलगी भागीरथी दासगावलाच द्यायची ठरली. साखरपुड्याला भरल्या बैठकीत व्याही म्हणाले, "काय महिपतराव, आम्ही पागोटी उतरवून बसायचं की घालून?" सगळे फिदीफिदी हसले. खोतांच्या तोंडचं पाणी पळालं. ओवी कुणाची हे शोधून काढायला त्यांना एक दिवस पुरला.

त्यांनी मारझोड केली नाही. भाऊजींना नि बायला ओटीखाली उभं करून गोड आवाजात म्हणाले, "ठमाबाई, तू ओवीत माझी अब्रू घालवलीस. आता ओवीतच भरून दे. भागीच्या घाण्याला जात्यावर तू बसायचं. दासगावच्या व्याहिणी मुद्दाम बोलावतो. त्यांच्यासमोर माझं नाव घेऊन गायचं, की हे गाव महिपतरावांच्या छायेत आहे. गायलीस तर ठीक. नाही गायलीस, तर लग्न उरकल्यावर तुमचं घर माझ्या जागेवरून उठलं म्हणून समज."

इथं खरी मेख होती. घराची लाकडं आमची, कौलं आमची, पण घराखालची जमीन पहिल्यापासून खोताची धरलेली. खोतानं ऊठ म्हटलं की उठायचं, असंच सगळ्यांना ठाऊक. कायदा काय म्हणतो ते विचारायला महाडच्या कचेरीत जायची छाती कुणाची होती?

भाऊजींनी घरी येऊन बायचे पाय धरले. खरंच धरले. नवऱ्यानं बायकोचे पाय धरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. "गा गो त्याच्या मनासारकं. ह्या खोकल्यानं मी कुटं जाऊ? कुनाच्या पडवीत पडू?"

बाय म्हणाली, "गाईन."

मला इतका राग आला! मी म्हटलं, "बाय, तू शेपूट घालणार? तू?" ती भिंतीजवळ गेली. ती भिंत तिनं स्वतः माती तुडवून घातली होती, थोरलं मूल पोटात असताना. ते मूल पुढं राहिलं नाही. भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, "रंगू, ही भित बोलली असती तर तू मला असं बोलली नसतीस." मी चुलीकडे वळले. पण मनातून राग गेला नाही, उगाच खोटं कशाला सांगू?

वैशाखात घाणा निघाला. लग्नाआधी नवरीची हळद जात्यावर दळायची, त्याला आमच्याकडे घाणा म्हणतात. सवाष्णींनी जात्याला आंब्याची डहाळी बांधायची, ओव्या म्हणत दळायचं. नवरीच्या आईचा हात खुंट्याला हवाच हवा. आणि एक गोष्ट कधी मोडायची नाही. जातं एकदा फिरलं की सगळी हळद दळून होईपर्यंत थांबवायचं नाही, नि सुरू झालेली ओवी मध्ये तोडायची नाही. थांबलं तर नवरीच्या संसारात खंड पडतो. हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

खोतांच्या माजघरात आम्ही बसलो. खुंट्याला एका बाजूनं बायचा हात, दुसऱ्या बाजूनं आनंदीबाईंचा. आनंदीबाई म्हणजे खोतांची बायको, भागीरथीची आई. त्या बाईचा आवाज मी वाडीत आल्यापासून ऐकला नव्हता. पदर कपाळाच्या खाली, नजर जमिनीला. मी बायच्या मागं. समोर दासगावच्या व्याहिणी नथी सावरत बसल्या होत्या. खोत दाराशीच खुर्ची टाकून बसले, मांडीवर मांडी. पुरुषानं घाण्याच्या दाराशी बसायची रीत नाही, पण त्यांना कोण सांगणार?

हळकुंडं पडली, जातं फिरलं. बायनं सुरुवात केली.

*पहिली माझी ओवी देवा गनपतीला*
*उंदरावर बसून यावं भागीच्या लगनाला*

आम्ही मागं धरलं. मग ती जरा थांबली. हळकुंडांची मूठ जात्यात सोडली. मग म्हणाली,

*दुसरी माझी ओवी खोताच्या माडीला*
*मोत्याची गो जाळी भागीच्या साडीला*

आवाज कसा, घशात पीठ कोंबल्यासारखा. माझे डोळे भरून आले. वाटलं, संपली माझी बाय. आता ही आयुष्यभर असलंच गाणार.

खोतांना एवढं पुरलं असतं तर गोष्ट इथं संपली असती. घरही वाचलं असतं नि त्यांची अब्रूही. पण माणसाला मस्ती आली की पुरे कुठं म्हणावं ते कळत नाही. ते म्हणाले, "माडीचं काय सांगतेस? माझं नाव घे. मोठ्यानं! आणि म्हण, रावजी माझ्या पायाची धूळ."

जातं फिरत होतं. बायनं मान वर केली. तिचे ते पुढचे दात, त्यांच्यावर ओठ एकदा घट्ट मिटला. मग उघडला.

*गडावर माझ्या माहेरी राजाचा दरबार*
*आता तितं मांडलाय गवतानं संसार*

व्याहिणींना आधी वाटलं, थोरामोठ्यांचं काही गाते आहे. त्या माना डोलवायला लागल्या. मी मात्र ताठ बसले. शेरडं चारणारी ती पोर मला दिसायला लागली होती.

*हत्ती जितं झुललं, तितं शेरडं चरतात*
*येवढं मोठं गेलं, खोता, तुझ्या काय रं हातात*

खोत खुर्चीतून अर्धे उठले. बाय थांबते कसली!

*त्याच्यासाठी अजून सारा मुलूख डोळं पुसतो*
*खोता, तुझ्या हाकेला उद्या कोन हुबा ऱ्हातो*

"थांबवा!" खोत ओरडले. "थांबवा ते जातं! ओढा हिला बाहेर!"

कुणी हललं नाही. हलणार कसं? सुपात निम्मी हळद शिल्लक होती. जातं थांबवायचं म्हणजे त्यांच्याच पोरीच्या संसारावर घाव घालायचा. व्याहीण पटकन बोलली, "अहो व्याही, भलतंच काय बोलता! घाणा कुणी थांबवतं का?" खोत तसेच उभे. पुढं येता येईना, मागं जाता येईना. आपल्याच घरात, आपल्याच दारात, एका कुळाच्या बायकोचं ऐकत उभे राहिले. भाऊजी पावसात उभे होते तसेच. मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. भरपूर झाला. त्याची मला अजून लाज वाटत नाही.

पण त्यांनी एक शेवटचा डाव टाकला. ओरडायचं सोडून हळूच म्हणाले, "आनंदी. हात काढ."

सगळ्यांच्या नजरा आनंदीबाईंकडे. आईनंच खुंटा सोडला तर जातं आपसूक मंदावणार, दोष बायवर येणार. आनंदीबाईंचा पदर कपाळावरून सरकला. त्यांनी हात काढला नाही. उलट जातं असं जोरानं ओढलं की बायचा हातही फरफटत गेला. आणि त्या बाईनं, जिचा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता, तिनं गळा काढला. चिरका, न वापरलेला गळा.

*भागे माझ्या बाये, तुला मानूस मिळू दे*
*घरामधी राजा नको, देवा, येवढं कळू दे*

आम्ही सगळ्यांनी ती ओवी मागून उचलली, आणि दासगावच्या व्याहिणींनीसुद्धा उचलली. भागीरथी कोपऱ्यात हळदीच्या पाटावर बसलेली, तिला रडू आवरेना. हळद सरेपर्यंत आम्ही तीच म्हणत राहिलो. खोत केव्हा निघून गेले ते कुणी पाहिलंच नाही.

लग्न लागलं, वरात दासगावला गेली. वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, आता आमचं घर उठणार. भाऊजी रात्रभर खोकत होते. बायनं भांडी बांधायला घेतली नाहीत. मी विचारलं तर म्हणाली, "त्यानं उठवायचं म्हटलंय. मी उठते म्हटलं नाय."

सकाळी खोत आले. हातात पहार, मागं कुणीच नाही. अंगणात उभे राहून त्यांनी गड्यांना हाक मारली. "सदू!" सदू शेजारच्या ओट्यावर चिलीम ओढत बसला होता. बसूनच राहिला. "चांगू! शिडी आण, कौलं उतरव!" चांगूनं शिडी आणली, आमच्या भिंतीला लावली आणि हात झटकून परत गेला. घरात बायको काय म्हणाली असेल ते त्यालाच माहीत. "कुशाबा! अरे, मेलात की काय सगळे?" कुशाबा म्हणाला, "खोत, माजी कंबर धरलीया." त्या दिवशी सगळ्या वाडीची कंबर धरली होती.

मग खोत पहार खाली ठेवून स्वतःच शिडीवर चढले. जन्मात कधी चढले नव्हते. धोतर सावरत, धापा टाकत वर पोचले, दोन कौलं उचकटून खाली फेकली. फुटली ती. तेवढ्यात शिडी डुगडुगली नि त्यांनी वाशाला मिठी मारली. ना वर, ना खाली. "शिडी धरा रे," म्हणाले. आवाजात हुकूम होता, पण पातळ झालेला. कुणी उठेना. आत बायनं जात्याला हात घातला होता नि तिची ती इरल्याची ओवी फोडलेल्या कौलातून थेट त्यांच्या तोंडावर जात होती.

आणि मग भाऊजी बाहेर आले. वैशाखाचं ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि माझ्या त्या भित्र्या दिराच्या डोक्यावर इरलं! माळ्यावरून काढलेलं, धुळीनं माखलेलं. ओट्यावर बसलेली माणसं आधी बघतच राहिली, मग कुणाला तरी हसू फुटलं. भाऊजी हसले नाहीत. शिडीजवळ गेले, दोन्ही हातांनी ती घट्ट धरली, वर बघून म्हणाले, "उतरा, खोत. मी धरलीया. पडू द्यायचा नाय मी तुमाला. पन इरलं काय उतरवनार नाय."

खोत एकेक पायरी उतरले. खाली पाय टेकला तेव्हा ते आणि भाऊजी अगदी समोरासमोर आले. भाऊजींना खोकला आला, तो त्यांनी दाबला नाही, चांगला मोठ्यानं खोकले. खोत पहार तिथंच टाकून गेले. ती पहार बाय पुढं कित्येक वर्षं फणसाच्या खड्ड्यांसाठी वापरत होती.

घर राहिलं. फुटलेल्या कौलांच्या जागी सदूनं आपल्या घरची कौलं आणून बसवली. त्या आषाढात वाडीतली माणसं इरली घालून खोताच्या दारावरून गेली. पहिल्या दिवशी एकटे भाऊजी, मग सगळी. खोत झोपाळ्यावर असत. सुपारी कातरत राहत. भाऊजी पुढं फार जगले नाहीत, तो खोकलाच त्यांना घेऊन गेला. त्याची खंत मला आहे आणि राहील. ओवीनं खोकला बरा होत नाही. पण ते मेले ते आपल्या घरात, बायनं घातलेल्या भिंतीला पाठ टेकून.

भागीरथी माहेरपणाला आली की आधी आमच्याकडे यायची. एकदा म्हणाली, "काकी, आईची ओवी मी रोज म्हणते. हे ऐकतात नि चहा स्वतः करून घेतात." बाय इतकी हसली की पदर तोंडात कोंबला.

आता शेवटचं सांगते. पासष्ट सालचा पावसाळा. खोतांचे मुलगे मुंबईला गेलेले, आनंदीबाई भागीकडे दासगावला राहायला गेलेल्या, त्या काही परत आल्या नाहीत. खोत एकटे, वाकलेले. नजरही अधू झालेली. नदीकडून घरी निघाले होते, चुकून आमच्या वाटेला लागले. पाऊस कोसळत होता. आमच्या दाराशी आले नि थबकले. बाय दारात उभी होती, कपाळ पांढरं, केस पांढरे. खोतांनी तिच्याकडे बघितलं. ओळखलं की नाही कोण जाणे. पण त्यांचे हात छत्रीच्या दांड्याकडे गेले आणि ते छत्री मिटायला लागले. खरंच सांगते. खोत, आमच्या दारात, छत्री मिटत होते.

माझ्या मनात आलं, मिटू दे! भिजू दे मेल्याला, माझा दीर भिजला होता तसा!

बाय पायरी उतरून पावसात गेली. तिनं त्यांचा हात धरला आणि छत्री परत वर केली. म्हणाली, "असू दे डोक्यावर, खोत. ह्या दारात तसली रीत नाय."

खोत पुढं निघून गेले. बाय चिंब होऊन आत आली, मी दारात तशीच उभी दिसले तर माझ्यावरच खेकसली, "चूल विझली बघ, नि तू काय बघत ऱ्हायलीस?"